फळ्यावरचा तिसरा रकाना

बारकी : दोनदा विचारलं मी, बाई. पलीकडचे शिंपीकाका म्हणाले, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. नदीच्या त्या काठाला, बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर. दुकानातलं कोरं कापड नेऊन तिच्या अंगावर घातलं, तेव्हा कुठे फोनला हात लावला त्यांनी.

बाई : छबूच आहे?

बारकी : छबूच. गळ्यात शांतता समितीचं ओळखपत्र होतं. आपलंच.

बाई : खाली बस आधी.

बारकी : बसून काय होणार? चौकात दीडशे-दोनशे पोरं उभी आहेत, पुलाकडे तोंड करून. फळ्यावर पहिल्या रकान्यात 'ऐकलं' खाली सकाळी लिहिलंय, 'छबूला मारलं'. दुसऱ्यात 'तपासणी चालू'. तिसरा भरायचाय आता. खरं की खोटं.

बाई : पोरं काय म्हणतायत?

बारकी : म्हणतात, समितीनं सांगितलं तरच मानू. मानणारच ना! अकरा महिने झाले, अफवा उठली की आपल्याकडे धावत येतात. विहिरीत विष घातलं, खोटं. दवाखान्यातून मुलं पळवली, खोटं. आपण पलीकडे फोन करायचा, भोंग्यावरून सांगायचं, की झाला चौक रिकामा. आज पहिल्यांदा खरं निघालं.

बाई : कुणी मारलं?

बारकी : शिंपीकाकांना नाही ठाऊक. आणि चौकाला ते विचारायचंच नाहीये.

बाई : आणखी काय म्हणाले?

बारकी : मुलं हलवायला दोन तास मागितलेत. पुलापासून पहिली इमारत त्यांची शाळा. आत चाळीस मुलं आहेत आणि गाडी एकच. म्हणाले, "दोन तास चौक धरून ठेव पोरी, मग सांगा काय सांगायचं ते." आणि रडायला लागले. शिंपीकाका, बाई! थट्टा केल्याशिवाय ज्या माणसाचं वाक्य पुरं होत नाही, तो माणूस.

बाई : माईक दे इकडे.

बारकी : काय सांगणार?

बाई : खोटं आहे म्हणून.

बारकी : तुम्ही? रोज सकाळी आम्हाला ओळीत उभं करून वदवून घेता, 'आज खोटं बोलणार नाही.' एकदा उशीर झाला आणि मी म्हटलं बस चुकली, तर आठवडाभर अबोला धरलात!

बाई : बस चुकली नव्हतीच.

बारकी : तेच म्हणतेय मी! 'अजून कळलं नाही' एवढंच म्हणा ना.

बाई : सकाळपासून तेच सांगतोय आपण. आता परत सांगितलं की ओळखतील. दूधखुळी नाहीत ती. निम्मी माझ्या वर्गात होती.

बारकी : आणि संध्याकाळी छबूला आणतील तेव्हा? उद्यापासून आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?

बाई : कुणी नाही.

बारकी : मग समिती संपलीच म्हणायची.

बाई : संपली. चाळीस म्हणालीस ना?

बारकी : चाळीस. पण बाई, मावशी सकाळपासून खाली जिन्यात बसल्यात. छबूची आई आहे ती. भोंगा तिलाही ऐकू जाणार. तिला तरी हळूच खरं सांगू या.

बाई : सांगितलंस तर ती हंबरडा फोडेल. वीस पावलांवर चौक आहे.

बारकी : त्या नको म्हणत होत्या हो, छबूला पलीकडच्या शाळेत शिकवायला पाठवायला. मीच समजूत काढायला गेले. गोड गोड बोलून दोनदा चहा पिऊन आले.

बाई : तिला पाठवायच्या पत्रावर सही माझी होती. तुझ्या वाटणीचं सगळं मला दे आणि माईक दे. देवापुढे मी उभी राहीन काय ते. तू नको.

(बाई माईकवर बोलतात. थोड्या वेळाने चौकातला कालवा कमी होतो.)

बारकी : पांगतायत. एक जण तर वर बघून तुम्हाला हात जोडतोय.

बाई : खिडकी लाव.

छबूची आई : येऊ का आत?

बाई : या, या. बसा.

छबूची आई : बसून बसूनच गुडघे धरलेत. ऐकलं मी, बाई. रागावू नका, पण भोंग्यावरचं सगळ्यांसाठी असतं. मला हिच्या तोंडून ऐकायचंय. ही नि माझी छबू एका ताटात जेवतात. बाळा, तू स्वतः बोललीस ना पलीकडे?

बारकी : बोलले, मावशी.

छबूची आई : मग? माझ्याकडे बघून सांग.

बारकी : खोटं आहे, मावशी.

छबूची आई : शाळेतच आहे ना ती?

बारकी : शाळेतच.

छबूची आई : येऊ दे कार्टीला, चांगले कान उपटते. अगं, तू कशाला रडतेस वेडे? मी आई असून रडले का?

बाई : थोडं पाणी पिऊन जा.

छबूची आई : नको, निघतेच. घाईघाईत घराला कुलूप घालून आले, किल्ली माझ्यापाशीच आहे. आली तर बिचारी दारात ताटकळेल.