अप्पांच्या वेबसाइटचा मुहूर्त

समजदार गिऱ्हाईक बघायचं असलं तर परळीला आमच्या अप्पांकडं जा. दुकान पाइप आणि मोटारींचं, पण त्यांना वेबसाइट पाहिजे, अन् तीही दुसऱ्यांदा. गावात तेव्हा नेटवाला मी एकटाच, म्हणून मीच इंजिनिअर.

पहिल्याच दिवशी बजावलं, "अप्पा, नवी तयार होईस्तोवर जुनी चालू ठेवू. पण तिच्यातला सगळा मजकूर मी नवीत घेतलाय, आता जुनीत काई बदलायचं न्हाई."

"कावून बदलू? मला दुसरे धंदे न्हाईत का?"

आठव्या दिवशी अप्पा हजर. "सभापतींचा वाढदिवस हाय. त्यांचा मोठा फोटू टाक."

जुनीवर टाकला. नवीवर टाकायचं माझ्या हुशार डोक्यातून गेलं.

मुहूर्ताला गुरुजी आले, कॉम्प्युटरला हार घातला. उद्घाटनाला कोण? तेच सभापती. मी नवी वेबसाइट उघडली. त्यांनी ती वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली.

"अप्पा, आमी कुठं दिसंना."

अप्पा माझ्यावरच खेकसले, "ही जुनी कावून उघडलीस बे? नवी दाव की!"

काय करता? जुनी उघडली. पडदाभर सभापती, फेट्यासकट. नारळ फुटला, टाळ्या पडल्या.

सभापतींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मघाच्या त्या जुनीपेक्षा लई सुधारली. मेहनत दिसती बघा."