रसिकाच्या वायफायला जोडलेला माझ्या नवऱ्याचा मोबाईल

वायर मी कापली हे सगळ्या विंगला दिसलं, पण पासवर्ड कोणी दिला हे एकानंही विचारलं नाही, ते आधी लिहून घ्या असं मी चौकीतल्या साहेबांना म्हटलं. माझं नाव आनंदी उत्तम मांडवकर, वय ५१, शिक्षण तिसरी, धंदा पोळीभाजीचे डबे, राहणार सिल्व्हर पार्क, मिरा रोड. सोसायटीच्या तक्रारीवरून बोलावल्याने समक्ष सांगते की,

आमच्या भिंतीला लागून रसिका शेट्ये राहते. तिचा नवरा बोटीवर असतो. माझे पती उत्तम सिक्युरिटीत नाईटला आहेत, दिवसा घरी असतात. दुपारी मी डबे पोचवायला बाहेर असते.

आमच्याकडे इंटरनेट घेतलेलं नाही. रविवारी पतीच्या मोबाईलवर रसिकाचं वायफाय जोडलेलं दिसलं. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. पती म्हणाले, "आपोआप लागतं गं ते. तुला नाही कळायचं."

मी केबलवाल्या निकेतला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "काकी, वायरीतून इंटरनेट येतं. दिवे लुकलुकणारी डबी असते ना, तो राऊटर. तो ते हवेतून मोबाईलला देतो, ते वायफाय. भिंतीपलीकडेही पोचतं."

मी विचारलं, आपोआप?

"एकदा पासवर्ड टाकला की मग आपोआप. पहिल्यांदा कोणीतरी द्यावाच लागतो. मग राऊटर त्या मोबाईलला एक नंबर देतो, आयपी अ‍ॅड्रेस. घराच्या पत्त्यासारखा. मागवलेलं बरोबर त्याच मोबाईलवर यावं म्हणून."

म्हणजे त्या घरात माझ्या नवऱ्याचा पत्ता आहे.

मी रसिकाकडे पासवर्ड मागितला. ती दारातूनच म्हणाली, "वहिनी, तुमचा फोन बटणांचा. तुम्ही काय करणार त्याचं?" मला आत बोलावलं नाही.

त्यानंतर मी मासळीच्या कात्रीने पॅसेजमधली वायर कापली. ती तिची एकटीची समजले. ती अख्ख्या विंगची निघाली. ती माझी चूक, जोडून देईन.

पण घरी येऊन मोबाईल बघितला तर रसिकाचं नाव होतं तिथेच. इंटरनेट नाही, आणि जोडलेले, दोन्ही लिहिलेलं. निकेतला परत विचारलं. तो म्हणाला, "काकी, वायर बाहेरच्या इंटरनेटची. राऊटर आणि मोबाईलचं आपापसातलं वेगळं. बाहेरचं तुटलं तरी ते दोघं जोडलेलेच राहतात."

पती आत्ता बाहेर बाकावर बसलेत. मोबाईल खिशात आहे. मी मागितला, दिला नाही.

हवालदारबाईंनी सगळं मोठ्याने वाचलं, मी बोलले तसंच आहे. खाली मी एवढं वाढवायला लावलं: रसिकाने पासवर्ड कधी दिला, कुठे बसून दिला आणि मी तेव्हा कुठे होते, हे दोघांनी शुक्रवारपर्यंत इथे येऊन माझ्यासमोर सांगावं. मग अंगठा नाही, सही केली.