काचेत तेल दिसत नाही

...आणि थेंब म्हणजे केवढा, तर शर्टाच्या बटणाएवढा! हसू नका. सगळे थेंब आधी बटणाएवढेच असतात. सोमवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये जातो, तर माझ्या गाडीच्या पोटाखाली, फरशीवर, काळा, गोल, चकचकीत... मी गुडघ्यावर बसलो, बोट लावलं, वास घेतला, बोटावर बोट चोळून बघितलं आणि स्वतःलाच गंभीर आवाजात सांगितलं, "इंजिन ऑइल!" आता हे सांगायला वास कशाला घ्यायला हवा? इंजिनाखाली काय दूध सांडणार आहे? पण घेतला. का? कारण आपल्याला गाडीतलं कळतं!

तुम्हाला सांगतो, गाडी साधीसुधी नाही. लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे पेटी, पुढे वारा अडवायला ही एवढी काच, आणि वजन म्हणाल तर रिकामी असली तरी माझ्या तिप्पट. बायको तिला म्हैस म्हणते. "तुझी म्हैस जिन्यासमोरून हलव." हे तिचं गाडीशी एकूण नातं. एकोणीस वर्षं ती माझ्या कुठल्याही गाडीवर मागे बसलेली नव्हती. एकोणीस! आणि त्यात तिची काही चूक नाही, हे मी आत्ताच कबूल करून टाकतो.

झालं काय होतं, लग्नाला तीन महिने झालेले, आणि मी हिला जुन्या गाडीवरून डोंगरापलीकडच्या तलावावर न्यायला निघालो. वाटेत गाडी जराशी खोकली. दुसरा कोणी असता तर तसाच हळूहळू पुढच्या गावातल्या मिस्त्रीकडे गेला असता. मी काय केलं? कार्बोरेटर खोलला! रस्त्याच्या कडेला! रुमाल पसरून! एकवीस भाग निघाले आणि एकोणीस बसले. परत आलो ते चाऱ्याच्या टेम्पोतून. बायको पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे, माझ्या एका बाजूला आडवी गाडी, दुसऱ्या बाजूला दोन शेळ्या, आणि त्यातली एक माझा रुमाल खात होती. उरलेले दोन भाग त्या रुमालात होते का, हे मला आजही माहीत नाही. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तू हात लावलेल्या गाडीवर मी बसणार नाही." शांतपणे म्हणाली हो! भांडून म्हणाली असती तर आठवड्यात विसरली असती.

आणि त्या थेंबाच्या आदल्या दिवशी, रविवारी, काय मनात आलं कोण जाणे, कपड्यांच्या घड्या करता करता म्हणते, "शनिवारी मला सुट्टी आहे. तलावावर जाऊ या का? गाडीवर?" मी म्हटलं, "कोणाच्या गाडीवर?" म्हणजे बघा, माझा किती विश्वास! ती म्हणाली, "म्हशीवर. पण एक अट. गाडीला पाना लावायचा नाही. काही असेल तर मिस्त्री बघेल. तुझ्या हातात पाना दिसला की मी माझ्या भावाला फोन करणार, आपण त्याच्या गाडीतून जाणार."

भाऊ म्हणजे माझा मेहुणा. माणूस सोन्यासारखा आहे, पण... "दाजी, मी आहे ना!" हे त्याचं सुरुवातीचं वाक्य. गाडीत बसलं की मानेला उशी देतो. पायाला उशी देतो. आणि मग सगळा रस्ता, "आता बघा दाजी, वळण येईल... हं, आलं वळण. आता बघा, चढ येईल." अरे, मला डोळे आहेत! एकोणीस वर्षांनी तलावावर जायचं आणि ते मागच्या सीटवर उशा घेऊन? शक्य नाही! मी म्हटलं, "अट मान्य. पान्याकडे बघणारसुद्धा नाही."

आणि त्याच आनंदात खाली गेलो. नुसतं बघायला! इंजिनाच्या उजव्या अंगाला, खाली, एक छोटी गोल काच असते, तिच्यावर दोन रेघा, त्या दोन रेघांच्या मध्ये तेल दिसायला पाहिजे. वाकून बघतो तर... काचेत तेल दिसत नाही! अजिबात नाही! अशा अवस्थेत बायकोला बसवू? मी तडक तेलाची बाटली काढली, अर्धी ओतली. आता तुम्ही म्हणाल, अट? तर तेलाचं झाकण हाताने फिरतं. पाना लागतच नाही! अट शब्दशः पाळली. वकील असतो तर नाव काढलं असतं मी.

तर सोमवारी तो थेंब. लगेच काच बघितली. काचेत तेल दिसत नाही! म्हणजे अर्धी बाटली कुठे गेली? गळली! गळली म्हणून ओतली, उरलेली अर्धी. मंगळवारी दोन थेंब. काचेत? काहीच नाही. नवीन बाटली आणली, ओतली थोडी. बुधवारी फरशीवर हा एवढा नकाशा! रोज सकाळी बायको शाळेत जाताना तिथूनच जाणार, म्हणून मी तिच्याआधी दहा मिनिटं उठून फरशी पुसायला लागलो. घरातली फरशी मी कधी पुसली नाही, शेजारीण खिडकीतून बघत होती, म्हणाली, "अहो, किती हो तुम्ही स्वच्छतेचे!" मी म्हटलं, "हो, मला घाण खपतच नाही."

बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते, प्रयोगशाळा तिच्या ताब्यात, हे सांगायचं राहिलं. तिच्यासोबत राहून माणूस शास्त्रीय होतो. मी ठरवलं, नुसतं ओतून भागणार नाही, गळतंय कुठून ते शोधू. तेल वाऱ्याने सगळीकडे पसरतं, त्यामुळे जिथे दिसतं तिथून गळत नसतं. मग काय करायचं? इंजिन धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर पावडर भुरभुरवायची, गाडी थोडी फिरवायची, की तेल जिथून येतं तिथून पावडरीवर काळी रेघ उठते. ही पद्धत खरी आहे हं! एवढी एक गोष्ट मी बरोबर केली, ती लक्षात ठेवा.

गुरुवारी, ती शाळेत गेल्यावर, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. तो जुना नव्हता, हे नंतर कळलं. पावडर मात्र तिचीच होती हे तेव्हाही माहीत होतं. अख्खा डबा! इंजिन असं पांढरंशुभ्र, सुवासिक! चौकातून एक फेरी मारून आलो, मागच्या रिक्षातला माणूस दोनदा शिंकला. आणि खाली वाकून बघतो तर... रेघ! नट नाही, बोल्ट नाही, जोड नाही. रेघ येत होती वरून, एअर फिल्टरच्या डब्याखाली जी रबरी नळी लोंबते ना, तिच्यातून!

एअर फिल्टरच्या डब्यात हवा असते. हवेच्या जागी तेल कसं? एकच कारण! पिस्टनच्या रिंगा गेल्या! इंजिन खोलायला लागणार! पंधरा दिवस! आणि शनिवार परवावर आलेला! माझ्या कानात मेहुणा बोलायला लागला, "आता बघा दाजी, वळण येईल..." आणि एवढं सगळं अचूक निदान मी एकट्याने, कोणाला न विचारता केलं. कारण आपल्याला गाडीतलं कळतं ना!

खरं सांगू? मला रडू यायचं बाकी होतं. गाडीसाठी नाही हो. एकोणीस वर्षांनी माणूस आपणहून हो म्हणतं, आणि आपण... असो.

तशीच काढली गाडी आणि गेलो मिस्त्रीकडे. हा मिस्त्री फार कमी बोलतो. चष्मा दोरीने गळ्यात, हातात चहा. मी त्याला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं, रिंगा, दाब, हवा, तेल, सगळं! त्याने ऐकून घेतलं, चहा संपवला, कप विसळून ठेवला, पावडरीकडे बघितलं, वास घेतला, आणि विचारलं, "तेल शेवटचं कोणी घातलं?"

"मी."

"कधी?"

"रविवारी. सोमवारी. मंगळवारी. काल थोडं. आज निघताना अगदी घोटभर."

"बघितलंत कसं?"

"काचेतून! काचेत तेल दिसत नाही!"

"गाडी कशी उभी होती?"

मी म्हटलं, "म्हणजे? उभी होती! गाडी उभी असते तशी!" तो म्हणाला, "कशी ते दाखवा." आणि मी, एवढा मोठा माणूस, त्या गॅरेजच्या मधोमध डावीकडे झुकून उभा राहिलो. साइड स्टँडवर असते तशी. कारण डबल स्टँडवर चढवायला ताकद लागते, आणि माझी कंबर...

मिस्त्री गाडीपाशी गेला, कमरेने रेटा दिला, गाडी सरळ केली आणि म्हणाला, "आता बघा." मी वाकलो. काच काळीभोर! काठोकाठ! वरची रेघ कुठे आहे तेसुद्धा दिसेना! अहो, गाडी डावीकडे झुकली की तेल डावीकडे जाणार, काच उजवीकडे! पेल्यातलं पाणी कळतं पोरासोरांना! मी पाच दिवस तिरक्या गाडीत बघत होतो, आणि ओतत होतो!

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "हिला काही झालेलं नाही. हिला जास्त झालीय. ओकतेय ती."

म्हणजे मी ओततो म्हणून ती गळते, आणि ती गळते म्हणून मी ओततो! रविवारी मी खाली गेलोच नसतो ना, तर फरशीवर एक थेंब पडला नसता! त्याने खाली बादली लावली, बोल्ट सैल केला, तेल यायला लागलं... येतच राहिलं. मी म्हटलं, "मिस्त्री, एक करा. हे घरी कळायला नको." आणि मिस्त्री माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "या वहिनी."

मागे वळतो तर बायको! शाळेतून घरी येऊन तशीच इकडे! हातात पावडरीचा रिकामा डबा! शेजारणीने दिला म्हणे तिला, "तुमचे हे पार्किंगमध्ये विसरले." मी कुठे सापडणार, हे ओळखायला तिला शास्त्र लागत नाही. तिने गाडीकडे बघितलं. बादलीकडे बघितलं. मग मिस्त्रीला विचारलं, "काय झालं होतं?" मी तिच्या मागून हात जोडले, कान धरले, डोळ्यांनी सांगितलं. पण प्रामाणिक माणूस! तो म्हणाला, "काही नाही वहिनी. साहेबांनी पाच दिवस तिरकं बघून तेल ओतलं."

मला वाटलं, संपलं! आता फोन निघणार. निघालाच फोन! "पाना लावलास?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आईशप्पथ नाही! झाकण हाताने फिरतं!" ती म्हणाली, "मग रोज कशाला उघडत होतास?" आणि मला काय झालं कोण जाणे, सगळं खरंच बाहेर पडलं. म्हटलं, "भीती वाटत होती. तू इतक्या वर्षांनी बसतेस म्हणालीस. परत वाटेत काही झालं असतं तर तू पुन्हा कधीच बसली नसतीस. म्हणून बघत होतो. दिवसातून दहा-दहा वेळा बघत होतो."

बादलीत तेल तेवढं टपटपत होतं. आणि मग ती एका जुन्या टायरवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यातून पाणी! "अरे, नववीच्या मुलांना पहिल्या तासाला हेच शिकवते मी! पातळी वाचताना भांडं सरळ, डोळा समोर! एकोणीस वर्षं माझ्या घरात राहतोस!" फोन कानाला लावलाच होता तिने. म्हणाली, "हां, शनिवारी गाडी तयार ठेव म्हटलं होतं ना, नको रे आता. आम्ही म्हशीवर जातोय." पलीकडून मला इथपर्यंत ऐकू आलं, "ताई, दाजींना उशी तरी पाठवू का?"

गेलो! शनिवारी गेलो, मागे बायको, पेटीत डबा, वाटेत एक खोकला नाही की शिंक नाही. तलाव अगदी तसाच होता, म्हणजे असावा, आधी बघितलाय कोणी! बायको काठावर जाऊन उभी राहिली, म्हणाली, "एवढंसंच आहे होय?" पण खूश होती. मी गाडी लावली, आणि सवय हो, सवय... वाकून बघितलं. काचेत तेल दिसत नाही! हात आपोआप झाकणाकडे गेला, आणि थांबला. झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलेली, वरून पारदर्शक टेप. तिच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर असते तशी, तिच्या वळणदार अक्षरात. "शिक्षिकेच्या परवानगीशिवाय उघडू नये."

मागून आवाज आला, "सरळ!" मी ताठ उभा राहिलो. ती म्हणाली, "तू नाही. गाडी." मग ती आली, आपणहून त्या म्हशीला खांदा लावला, आम्ही दोघांनी मिळून ती सरळ धरली. आणि मी वाकलो, डोळा समोर, पातळी दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये!

ती चिठ्ठी अजून आहे. पेट्रोल पंपावर लोक वाचतात. परवा एक जण म्हणाला, "काका, गाडी भारी आहे! तुम्हाला गाडीतलं चांगलं कळत असेल, नाही?"

मी म्हटलं, "थांब हं. घरी विचारून सांगतो."