सगळी औषधं बंद

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या 'तापाच्या मॅडम', आणि जेवणाच्या टेबलांकडे डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकारी मित्रांनो,

मी हाडांचा डॉक्टर. आमचं काम ठोकाठोकीचं, बोलायची सवय नाही. त्यात आज फोन समोर उघडा ठेवलाय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझी बायको वर वॉर्डात ॲडमिट आहे, ताप उतरत नाही आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

मॅडमची थोरवी मी काय सांगावी? इथल्या कुठल्याच विभागाला जो ताप कळला नाही, तो शेवटी त्यांच्याच दारात गेला. हिचंही तसंच झालं. छातीवाल्यांनी खोकला बघून अँटिबायोटिक सुरू केलं. अंगावर पुरळ आलं, त्वचावाल्यांनी गोळी दिली. सांधे दुखले, संधिवातवाल्यांनी आणखी एक. हसताय काय, तुम्हीच होतात ते! प्रत्येक जण म्हणाला, "आमच्यातलं काही नाही," आणि जाताना एक औषध ठेवून गेला. ताप आपला जिथल्या तिथे.

परवा मॅडम आल्या. सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले, जंतूचा कुठे मागमूस नाही. मग खुर्ची ओढून नुसत्या बसून राहिल्या. अंग तापलेलं, आणि ही मला झापतेय, "अहो, शर्टाला इस्त्री तरी करायची!" मॅडमनी नाडी धरली. "एवढ्या तापात नाडी इतकी शांत? आणि भांडायला एवढा जोर? हा ताप औषधांचाच दिसतोय. सगळी बंद."

रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण मीही ऐकलीय हो. पण स्वतःच्या बायकोची औषधं बंद झालेली बघवतात का? मी भडकलो. "तुम्ही दोन दिवसांत रिटायर होऊन घरी बसाल, मी काय करू?" त्या म्हणाल्या, "वाट बघा." बस, एवढंच! काल दिवसभर ताप होताच. आज सकाळीही होता. आणि मॅडम इथे निवांत फुलं स्वीकारतायत...

अहो, मॅडम कुठे गेल्या? अध्यक्ष महोदय, तुमच्या शेजारून सत्कारमूर्ती उठून गेल्या आणि तुम्हाला पत्ता नाही?

हां, त्या बघा दारात. जिने चढून-उतरून धापा टाकतायत. म्हणजे मॅडम, तुम्हालाही चैन पडत नव्हतं तर! परवापासून मला गप्प बसवलंत आणि स्वतः... काय? जरा मोठ्याने बोला.

उतरला?

थांबा, मला कुणीतरी पाणी द्या.

घामाने भिजलीय, भूक लागलीय म्हणते, आणि विचारतेय, "ह्यांचं भाषण अजून चालूच का?" हो, हे तिचंच बोलणं.

मंडळी, बरंच लिहून आणलं होतं, राहू दे. मॅडम, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. आवाज चढला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर काळजीने पोळलेल्या नवऱ्याचं म्हणून पोटात घाला. पुढचा कार्यक्रम तुम्ही चालू द्या, मी वर चाललो. शर्ट परवाचाच आहे. पोटभर बोलणी खाऊन येतो.