वर्तुळाच्या बाहेर

नर्सनं डोळ्यांत औषध घालून शिंपीणबाईंना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. त्यामुळे शेजारच्या बाकावरचं बोलणं तेवढं कानावर पडत होतं.

"ओळखलंत का साहेब? ते छोटं विमान हरवलं होतं ना, त्या वैमानिकाची मी बहीण."

"ओळखलं ताई. कुठे शोधायचं ते वर्तुळ मीच आखलं होतं. वायरलेसवरचा शेवटचा निरोप, टाकीतलं इंधन, वारा, सगळं धरलं होतं. आणि सापडला भलतीकडेच."

"आमच्या घरामागच्या डोंगरात. वाट वाकडी करून यायचा तो. मी गच्चीवर दिसले की विमानाचे पंख हलवून दाखवायचा. शाळेतूनसुद्धा कधी सरळ घरी आला नाही."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, सरळच जातो."

"त्याचा मालक शेजारी उभा होता ना. म्हटलं, परत आल्यावर माझ्यामुळे नोकरी जायला नको."

"मालकाला बाहेर पाठवून विचारायला हवं होतं मी. एवढं साधं सुचलं नाही."

"एक विचारू? तो लगेच गेला ना?"

"लगेच."

"ज्याला विमान दिसलं तो गुराखी म्हणत होता, जवळच शेकोटीची राख होती."

"गुराख्यांचीच असेल ती, ताई."

"हो. थंडी फार असते तिकडे."

नर्स येऊन म्हणाली, "उघडा आता डोळे."

"राहू दे थोडा वेळ," शिंपीणबाई म्हणाल्या.