बालाजीची खुशाली

फोनवर बोलायचं काम सोपं वाटतं ना तुम्हाला, मग ऐका. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेलेल्यांना मी दर महिन्याला फोन करतो आणि सरकारी फॉर्म भरतो. कंधारच्या बालाजीचा फोन त्याची आई उचलायची.

“मावशी, बालाजी कसा आहे? या महिन्यात प्यायला का?”

“न्हाई.”

मी खुशीत ‘सुधारणा’वर टिक केली. “जरा त्याला द्या की फोन.”

“तो वारला, लेकरा. दोन महिने झाले.”

म्हणजे मागच्या महिन्याची टिकही मी मेलेल्या माणसाच्या नावापुढंच केली होती.

“मावशी, तेव्हाच सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तू त्याचं नाव कमी केलं असतंस. बालाजी कसा हाय म्हणून इचारणारं दुसरं कोण हाय आता?”