शिवणीतलं कापड

(स्टेडियमच्या पायऱ्यांखाली बँडचे गणवेश ठेवण्याची खोली. ऑक्टोबरमधली दुपार. बाहेर होमकमिंगचा, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याचा, फुटबॉल सामना रंगला आहे.)

थर्मन : श्वास सोडू का आता?

ओडेसा : सोड. म्हणजे बटण उडेल आणि आपली सून आंधळी होईल.

वर्लीन : बाबा, खरं सांगा, सकाळपासून किती तळलेली मासळी खाल्लीत?

थर्मन : जुन्या मित्रांच्या प्रत्येक तंबूत एकच तुकडा. नाही म्हटलं तर अपमान होतो, पोरी. वर्षानुवर्षांनी माणसं भेटतात.

ओडेसा : माणसं किती भेटली, ते ठाऊक नाही. मासळी मात्र एकही चुकलेली दिसत नाही.

थर्मन : अगं, मध्यंतर व्हायला आलं. माजी विद्यार्थ्यांचा बँड रांगेत उभा आहे. बँडला चालवणारा ड्रम मेजर, म्हणजे मीच पुढे नसेन, तर त्यांनी निघायचं कुणाच्या शिट्टीवर?

ओडेसा : शिट्टी खुर्चीत बसूनही वाजते.

थर्मन : ऐकलंस, वर्लीन? ज्याने मागे वाकून टोपीचा तुरा गवताला टेकवला, त्याला खुर्ची!

ओडेसा : तेव्हा तुझी पाठ वेताची होती. आता तिच्यात डॉक्टरांनी धातूच्या पट्ट्या बसवल्या आहेत.

वर्लीन : थांबा. आई, ही मागची शिवण पाहिलीत? आत केवढं कापड दुमडलंय! आणि दोरा तर पांढराशुभ्र आहे. बाकीचा सगळा पिवळा पडलाय.

थर्मन : म्हणजे?

वर्लीन : म्हणजे पँट कुणीतरी नुकतीच आत घेतलीय. आई... तुम्ही?

ओडेसा : मीच. गुरुवारी. या खोलीतला प्रत्येक गणवेश माझ्या हाताखालून जातो, आणि त्याचा जाब मी आजवर कुणाला दिलेला नाही.

थर्मन : आणि मी इथे बिचाऱ्या मासळीला दोष देतोय.

ओडेसा : मासळी काही निर्दोष नाही.

थर्मन : पण का, ओडेसा?

ओडेसा : कारण पँट बसली, की तू वाकणार. ढोल घुमला, लोकांनी तुझ्या नावाचा गजर केला, की तुला वयाचं भान राहत नाही. दर होमकमिंगला आपलं तरुणपणीचं माप कळवणाऱ्या सगळ्यांच्या पँटी मी गुपचूप सैल करून ठेवते. घट्ट केली ती एकट्या तुझी. त्या मैदानावरून तुला कुणी उचलून आणलेलं मला पाहायचं नाही.

थर्मन : मला सांगायचंस.

ओडेसा : सांगितलं असतं, तर हसून 'बरं' म्हणाला असतास. तुझं 'बरं' मी पन्नास वर्षं ऐकते आहे.

थर्मन : मग आता हे ऐक. मागच्या होमकमिंगला मी हॉस्पिटलात पडून फोनवर बँड ऐकला. पाय हलत नव्हते. त्या दिवसापासून एवढंच मागतोय, की त्यांच्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालायचं. नुसतं चालायचं. मागे वाकणं नाही, टोपी डोक्यावरच राहील.

ओडेसा : शब्द देतोस?

थर्मन : शब्द. 'बरं' नव्हे.

ओडेसा : वर्लीन, कात्री. ती नव्हे, बारीक टोकाची. थर्मन, पाठ कर.

थर्मन : पँट अंगावर असताना उसवणार?

ओडेसा : उतरवून पुन्हा चढवण्याइतका वेळ तुला त्या मासळीने ठेवलेला नाही. हलू नकोस... हं. आता लाव बटण.

थर्मन : लागलं!

ओडेसा : कॉलर नीट कर. खांदे मागे. जा.

वर्लीन : आई, गेले ते. या ना दारात.

ओडेसा : मला टोप्यांच्या पेट्या आवरायच्या आहेत. तू पाहा आणि सांग.

वर्लीन : निघाले! बाबा सगळ्यांत पुढे. काय पाय उचलतायत! लोक उठून उभे राहिलेत, आई. आता मधल्या रेघेवर... थांबले.

ओडेसा : का थांबला?

वर्लीन : लोक ओरडतायत, 'वाक, थर्मन, वाक!'

ओडेसा : आणि तो?

वर्लीन : टोपीला हात लावलाय. काढली! आपल्या दाराकडे वळले... झुकले. मागे नाही हो, पुढे. अगदी जरासे. हे बघा, घातलीसुद्धा पुन्हा. चालायला लागले.

ओडेसा : टोपी डोक्यावरच ठेवीन म्हणाला होता.

वर्लीन : मग रागवा की. हसताय कशाला?

ओडेसा : बाजूला सरक जरा. मला दिसत नाही.